दोन पॉइंट कमी

मे महिना लागला की आमच्या सोसायटीत दोन पक्ष पडतात. एका पक्षाचं म्हणणं, उन्हाळ्यात टायरमध्ये दोन पॉइंट (म्हणजे दोन पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा कमी ठेवावी, कारण उन्हाने आतली हवा फुगते आणि टायर फुटतो. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं काही नसतं. त्यांची हवा आपोआपच कमी असते, कारण ती त्यांनी गेल्या गणपतीनंतर भरलेलीच नसते.

पहिल्या पक्षाचे पुढारी तिसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून गाडी हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. रोज सकाळी फडकं, रविवारी पॉलिश, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात व्हॉल्वच्या पिनेवर किल्लीचं टोक दाबून चारही चाकांतून थोडी थोडी हवा सोडणं. फुस्स. "अगं, विज्ञान आहे ते," असं ते मला कितीदा तरी ऐकवतात.

विज्ञान आहे हे खरं, पण ते अर्धंच. बंद भांड्यातला वायू तापला की त्याचा दाब वाढतो, हे आपण शाळेत शिकलो. काका तिथेच थांबतात. पुढचा अर्धा भाग असा की रस्त्यावर धावणारा टायर उन्हापेक्षा स्वतःच्या कष्टाने जास्त तापतो. चाक फिरतं तेव्हा टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो आणि वर जाताना पुन्हा ताठ होतो. मिनिटाला शेकडो वेळा हे होत राहतं. प्रत्येक वेळी रबर आणि त्याच्या आतल्या दोऱ्या वाकतात, आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. तासाभराच्या वेगवान प्रवासात कडेचं रबर इतकं शिजतं की आतले थर एकमेकांना सोडायला लागतात. बहुतेक टायर फुटतात ते असे, पोट भरलेलं नसताना. म्हणजे फुटू नये म्हणून काका जे करतात, त्याने टायर फुटण्याच्या थोडा जवळच जातो.

काकांच्या गाडीला हे कळणार नाही, कारण ती एरवी भाजी मंडईच्या पुढे जात नाही. पण समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा परिवहन खात्याला तिथे गाड्यांचे टायर तपासायला उभं राहावं लागलं. सिमेंट काँक्रीटचा तापलेला रस्ता, १२० ची वेगमर्यादा आणि तासन्‌तास न थांबता चाललेली गाडी, एवढी सामग्री जमली की दोन पॉइंट कमी हवा आणि गुळगुळीत झालेला टायर आपली किंमत वसूल करतातच.

आता हिशेबच करायचा तर नीट करू. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ती बाहेरच्या वातावरणापेक्षा ३३ ने जास्त आहे असा अर्थ असतो. वातावरणाचे साडेचौदा-पावणेपंधरा त्यात मिळवले की आतला खरा दाब पावणेअठ्ठेचाळीसच्या घरात जातो. तापमान दहा अंशांनी बदललं की त्यात साधारण दीड पॉइंटाचा फरक पडतो. मुंबईत मेमधली पहाट सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची आणि जानेवारीतली सोळा-सतराची. म्हणजे भर उन्हाळा आणि ऐन थंडी यांच्यात फरक किती, तर दोन पॉइंटाला थोडा कमी. दिल्लीत हाच आकडा तीनवर जातो. जिथे बर्फ पडतो तिथली तर गोष्टच सोडा, आणि "ऋतू बदलला की टायर तपासा" हा सल्ला मुळात तिकडचा. आपल्याकडे तो जसाच्या तसा आला आणि थंडीऐवजी उन्हाळ्याला चिकटला.

मुंबईचे ऋतू तापमापकावर फार हलत नाहीत. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तो अजून आपला विक्रम म्हणून सांगितला जातो. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या तेव्हाच्या फियाट त्या सकाळी जरा बसक्या दिसल्या असतील, एवढंच. आणि उन्हाळा म्हणाल तर मुंबईला तो दोनदा येतो. ऑक्टोबरची दुपार मेच्या दुपारीला हार जात नाही, उलट समुद्रावरचा वारा पडलेला असल्याने जास्तच जाचते. पण ऑक्टोबरात कुणी हवा सोडताना मला दिसलेलं नाही. तेव्हा दसरा असतो. गाडीला झेंडूचं तोरण असतं, बॉनेटवर हळदकुंकू असतं, चाकाखाली लिंबू असतं. त्या चाकात हवा किती आहे हे मात्र पूजा करणाऱ्याला विचारू नये.

किती भरायची याचं उत्तर गाडीवरच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीच्या खांबावर एक छोटा स्टिकर दिसतो. पुढे किती, मागे किती. माणसं कमी असताना किती आणि गाडी भरलेली असताना किती. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. काखेत कळसा असताना लोक गावभर विचारत फिरतात, आणि ज्यांना विचारतात ते टायरच्या कडेवर कोरलेला आकडा वाचून सांगतात. तो आकडा जास्तीत जास्त किती दाब सहन होईल याचा असतो. तो टायरवाल्या कंपनीने लिहिला, तिला तो टायर कुठल्या गाडीला बसणार हे माहीत नसतं.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. इथे मुंबईकराची पंचाईत होते. आमच्या भांडुपहून जवळचा बरा पंप गाठेपर्यंत एलबीएस रोडवर सिग्नल, मेट्रोचे बॅरिकेड आणि रिक्षांची रांग पार करावी लागते. पोहोचेपर्यंत टायर तापलेले. तिथे दाब मोजणारा गेज छत्तीस दाखवतो, पंपावरचा मुलगा लगेच तीन सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये तीस उरतात. तापलेल्या टायरमधून हवा कधी सोडू नये, हा एकच नियम पाळला तरी निम्मं काम झालं. महामार्गावर तासभर चाललेल्या गाडीत चार-पाच पॉइंट वाढणारच, ते गृहीत धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो.

म्हणून मी एक गेज घेऊन ठेवला आहे. पेनाएवढा, पितळी तोंडाचा, मागून पांढरी पट्टी बाहेर येणारा. पार्किंगमध्ये सकाळी, गाडी काढायच्या आधी, चाकाजवळ उकिडवं बसायचं. व्हॉल्वची टोपी काढून ती हरवणार नाही अशी ओंजळीत ठेवायची. गेज सरळ दाबायचा. तिरका धरला तर हवा सूं करून बाहेर पडते आणि आकडा खोटा येतो. सरळ बसला की आवाज एकदम तुटतो आणि पट्टी टक्‌कन बाहेर येते. तेहतीस, तेहतीस, बत्तीस, तेहतीस. यात एक खुबी आहे. ज्या बाजूला ऊन येतं त्या बाजूचे टायर दोन-तीन पॉइंट जास्त दाखवतात. आमच्या पार्किंगमध्ये सकाळचं ऊन डाव्या चाकांवर येतं, त्यामुळे मी त्याच्या आधी उतरते. हे वाचून घरच्यांना जे वाटतं तेच तुम्हालाही वाटत असेल, त्याला माझा इलाज नाही.

हवा भरायला मात्र पंपावरच जावं लागतं, आणि पंपावर मी असले तरी प्रश्न मला विचारला जात नाही. मी स्टिअरिंगवर, नवरा शेजारी मोबाइलमध्ये. नळी हातात घेतलेला मुलगा खिडकीतून माझ्यावरून नजर पलीकडे टाकतो. "साब, कितना?" नवरा मान वर करतो आणि माझ्याकडे बघतो. "आगे तैंतीस, पीछे तैंतीस," मी सांगते. मुलगा क्षणभर थांबतो आणि पुन्हा त्याच्याकडे बघतो, खात्रीसाठी. नवरा मान डोलावतो. मग हवा येते.

तरी त्या मुलांचं काम बघण्यासारखं असतं. यंत्रावर ३३ लावलं की ते टिंग वाजेपर्यंत भरतं किंवा सोडतं, त्यात कौशल्य काही नाही. कौशल्य नंतरच्या क्षणात आहे. नळी काढली की जाणता मुलगा बोटाला थुंकी लावतो आणि ती व्हॉल्वच्या तोंडावर ठेवून वाकून बघतो. बुडबुडा आला नाही तर टोपी फिरवतो. आला तर खिशातून छोटा पाना काढून आतली पिन एक वेढा आवळतो आणि परत थुंकी लावतो. अख्ख्या पंपावर यापेक्षा अचूक उपकरण मला दिसलेलं नाही. नव्या मुलांना हे कुणी शिकवत नाही, ती टिंग वाजलं की पुढच्या गाडीकडे वळतात.

पंपावर हवा फुकट असते. शेजारच्या टायरच्या दुकानात नायट्रोजनचे पैसे पडतात आणि त्याबरोबर हिरव्या टोप्या मिळतात. नायट्रोजन वाईट नाही. तो कोरडा असतो आणि रबरातून किंचित हळू झिरपतो. पण आपण ज्याला साधी हवा म्हणतो तिच्यातही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. विमानांची गोष्ट वेगळी. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत एक बोइंग ७२७ कोसळलं आणि १६७ माणसं गेली. ब्रेकच्या उष्णतेने तापलेला टायर आकाशात फुटला होता, आणि त्यात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. त्यानंतर विमानांसाठी नियम कडक झाले. आपली गाडी घाटकोपरच्या पुलावरून एवढ्या उंचीवर जात नाही. मुंबईत साध्या हवेची तक्रार करायची तर ती पावसाळ्यातल्या ओलाव्याची करावी. जुलैत कंप्रेसरच्या टाकीत रोज पाणी साचतं, ते खालचा नळ उघडून काढून टाकावं लागतं. जिथे काढत नाहीत तिथे टायरमध्ये हवेबरोबर पाण्याचे थेंबही जातात आणि रिमला आतून गंज चढतो.

माझा मामा भांडुपच्या टायर कारखान्यात क्युरिंगला होता. कच्चा टायर साच्यात घालून वाफेवर शिजवायचा, असं ते काम. कारखान्यातून सुटून घरी आला तरी त्याच्या कपड्यांना गंधक आणि रबराचा वास असायचा, मामी त्याचे कपडे वेगळे भिजवायची. टायरबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं त्याच्याकडून आलेलं. "अगं, तुम्हाला वाटतं रबर बंद असतं," तो म्हणायचा. "ते बंद नसतं. आतून ब्युटाइलचा थर देतात म्हणून जरा तरी धरतं. नाहीतर टायर रोज हवा सोडतो. कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही."

धडधाकट टायर महिन्याला साधारण एक पॉइंट हवा गमावतो. खिळा नको, भोक नको, नुसत्या झिरपण्याने. सहा महिने बघितलं नाही तर सहा पॉइंट गेले, आणि मुंबईचा उन्हाळा-हिवाळा त्याच्यापुढे किस झाड की पत्ती. हे काकांना पटत नाही. हवा नुसती उभ्या गाडीतून कशी जाईल, असं त्यांचं म्हणणं. पण मुंबईत गाडी चालवायची कमी आणि राखायची जास्त. आठवडाभर माणसं लोकलने जातात आणि गाडी कव्हर पांघरून खाली उभी राहते. तिचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, ती त्याची जन्मतारीख. नक्षी शाबूत असलेले, पण कडेला बारीक भेगा पडलेले टायर मला आमच्याच पार्किंगमध्ये जागोजागी दिसतात.

मामाने शिकवलेली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षाही मोलाची वाटते. ऋतू चारही चाकांना सारखा वागवतो. थंडीने हवा उतरली तर चारही चाकांत उतरेल, झिरपून गेली तर चारही चाकांतून साधारण सारखी जाईल. तीन चाकं एकतीसवर आणि एक चाक सव्वीसवर असेल तर त्याचा ऋतूशी संबंध नाही. तिथे खिळा आहे. किंवा व्हॉल्व सुटलाय, किंवा खड्ड्याने रिमची कड वाकवली आहे. त्या चाकात पुन्हा तेहतीस भरून निघून जाणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं. म्हणून मी आकडे लिहून ठेवते, पीयूसीच्या पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने. मागच्या वेळचे आकडे समोर असले की या वेळचे बोलायला लागतात. गाडीतला टायर प्रेशरचा दिवा हे काम करत नाही. तो बऱ्यापैकी हवा गेल्यावर लागतो, आणि काही गाड्यांत तो कुठल्या चाकासाठी लागलाय हेही सांगत नाही.

दर महिन्याला तपासावं, असं सगळेच सांगतात. बरोबरच आहे. पण महिन्याची पहिली तारीख ही पगाराची, मेंटेनन्सची आणि शाळेच्या फीची, तिथे टायर कुणाच्या लक्षात राहणार? त्यापेक्षा पंचांग बरं. मृग लागायच्या आधी, दसऱ्याला, संक्रांतीला आणि पाडव्याला, हे चार दिवस मी चुकवत नाही, आणि मधल्या महिन्यांत जमेल तसं. संक्रांतीची तारीख तर दिनदर्शिका न बघताही कळते.

या चारांत मृग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या टायरचा खरा ऋतू पावसाळाच. आणि पावसाळ्याबद्दलही एक समज आहेच: हवा थोडी कमी ठेवली की टायर पसरतो आणि ओल्या रस्त्यावर पकड वाढते. हे बहुधा वाळूवरून आलं असावं. किनाऱ्यावर किंवा वाळवंटात जीप रुतू नये म्हणून हवा उतरवतात, ते बरोबर आहे. पण वाळू वेगळी आणि डांबरावरचं पाणी वेगळं. पाण्यात टायरला पसरायचं नसतं. त्याला पाणी बाजूला सारून खालचा रस्ता गाठायचा असतो. गाडीचा सगळा भार शेवटी चार ठिकाणी टेकतो, आणि प्रत्येक ठिकाण साधारण पोस्टकार्डाएवढं. हवा कमी झाली की पोस्टकार्डाचा मधला भाग वर उचलला जातो, भार कडांवर जातो, आणि मधे पाणी कोंडतं. वेग असेल तर गाडी त्या पाण्यावर तरंगायला लागते. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, तो क्षण एकदा अनुभवला की पुढच्या पावसाळ्यात माणूस आपोआप हळू चालवतो.

नासाच्या लँगली केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून याचं एक ढोबळ सूत्र काढलं गेलं. तरंगायला सुरुवात होण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. मोटारीला ते तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज येतो. तेहतीस पॉइंटांना तो वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, पंचवीसला ८३. पुणे एक्स्प्रेसवेवर जुलैच्या सरीत लोक कितीने जातात ते आठवा. नक्षी झिजलेली असेल तर त्याहून कमी वेगातच कारभार आटोपतो. नक्षीच्या खोबणीत आडवे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बदलायचा, मग त्याची जन्मतारीख काहीही असो.

शहरात एवढा वेग कुठला? इथे पावसाळा म्हणजे खड्डे. पाणी भरलेला खड्डा वीतभर आहे की हातभर, हे चाक आत गेल्यावरच कळतं. टायरमध्ये पुरेशी हवा असेल तर धक्का हवा खाते. कमी असेल तर रबर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चेपलं जातं, आतल्या दोऱ्या तुटतात, आणि दोन दिवसांनी टायरच्या बाजूला फुगा दिसतो. त्याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. पेव्हर ब्लॉकचा तुकडा निखळून तयार झालेला चौकोनी खड्डा यात सगळ्यांत वाईट, त्याच्या कडा धारदार राहतात. ऑगस्टमध्ये पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर फुगे आलेले टायर रचून ठेवलेले असतात. आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला त्याला "बीएमसी का सीझन" म्हणतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी टायरचा प्रश्नच नव्हता, गाड्याच बुडाल्या. पण एरवी पाणी तुंबणारा हिंदमाता किंवा मिलन सबवेही पुरेसा असतो. पाणी ओसरलं की वाहून आलेले खिळे आणि पत्र्याचे तुकडे रस्त्यातच उरतात.

थंडीचं म्हणाल तर मुंबईच्या टायरला थंडी मुंबईबाहेर भेटते. डिसेंबरात लोक नाशिककडे निघतात, द्राक्षं असतात, लग्नं असतात. मुंबईत दुपारी बत्तीस अंशांत थंड टायरमध्ये तेहतीस भरले आणि निफाडला दुसऱ्या दिवशी पहाटे पारा सहावर असला, तर हवा चार पॉइंट उतरायला हवी. पण गेज तीसच्या आसपास दाखवेल. कारण निफाड मुंबईपेक्षा साडेपाचशे मीटर उंच, तिथे बाहेरचा दाबच एका पॉइंटाने कमी, आणि गेज आतला-बाहेरचा फरक मोजतो. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, ही भरपाई दोन पॉइंटांची होते. त्यामुळे थंडीत वर गेलेला टायर वाटतो त्यापेक्षा बरा निघतो, आणि खरी कसर परत खाली आल्यावर कळते. तिथल्या तिथे भरायची असेल तर सकाळी थंड टायरमध्ये स्टिकरएवढी भरावी. मुंबईत उतरल्यावर पुन्हा एकदा गेज लावावा. ताळमेळ तोंडी जुळवत बसण्यात अर्थ नाही.

हे सगळं एका बाजूला आणि गणपतीचं गावी जाणं दुसऱ्या बाजूला. तापमानाने दीड-दोन पॉइंटांचा फरक पडतो म्हणून मेमध्ये वाद घालणारी माणसं भाद्रपदात काय करतात ते बघावं. पाच माणसं, मांडीवर एक पोरगं, डिकीत मखराचं सामान, दोन पेट्या, तांदळाची पिशवी, दादरहून आणलेली कंठी, सासूबाईंची औषधं, आणि जागा उरली म्हणून शेजाऱ्यांचा कुकर. गाडीचं ढुंगण रस्त्याला टेकलेलं, दिवे झाडांच्या शेंड्यांवर. मागच्या चाकांत तीच हवा, जी एकट्या माणसाला ऑफिसला न्यायला पुरत होती. स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो याच दिवसासाठी. आमच्या गाडीला मागे तीन जास्त लागतात. वडखळ, माणगाव, कशेडीचा बोगदा आणि त्यापुढचा न संपणारा कामाचा रस्ता, या सगळ्यातून त्या तीन पॉइंटांचा उपयोग ब्रेक मारताना कळतो.

आणि स्टेपनी. चारही चाकांची हवा बघणारी माणसं पाचव्याला विसरतात, कारण ते सामानाखाली असतं. नव्या गाड्यांत ते चाक बारीक असतं, त्यात साठ पॉइंटांपर्यंत हवा लागते आणि ते लावून ऐंशीच्या वर जायचं नसतं. काही गाड्यांत तर ते नसतंच. २०२० पासून नियम असा आहे की टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट गाडीत असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. आपल्या गाडीत काय आहे हे डिकी भरायच्या आधी बघून घ्यावं. पेणच्या पुढे पावसात सगळं सामान रस्त्याकडेला काढून, मखरावर प्लॅस्टिक टाकून, खालून निघालेल्या चाकात हवाच नाही असं बघत उभी राहिलेली कुटुंबं दरवर्षी दिसतात.

यंदा निघायच्या आदल्या सकाळी काका खाली आले होते. मी मागच्या चाकाजवळ बसलेली. "किती ठेवलीस?" त्यांनी विचारलं. छत्तीस, मी सांगितलं. "बापरे," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "आम्हीही परवा निघतोय. संगमेश्वर. सहा जणं आहोत." गेज मी त्यांच्या हातात दिला. स्टिकर कुठे असतो तेही दाखवलं, चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. त्यांच्या मागच्या दोन्ही चाकांत सव्वीस निघाले. मेमधले दोन गेले ते गेलेच होते, बाकीचे मामा सांगायचा तसे, कुणी न विचारता.

सव्वीस बघून ते लगेच पंपाकडे निघाले. परत आल्यावर सामान उतरलं की मागची हवा पुन्हा स्टिकरएवढी कमी करायची, हे त्यांना मी मागून ओरडून सांगितलं. ते त्यांना आवडलं. हवा सोडायचं काम असलं की ते कधी टाळत नाहीत.